तिसरं कपाट, खालचा कप्पा

माझी मावशी एका संशोधन-ग्रंथालयात एकतीस वर्षं पुस्तकं काढून देते. विद्वान मंडळी वर हॉलमध्ये बसून चिठ्ठी भरतात, आणि मावशी तळघरातून गठ्ठा आणून देते. यंदा तिनं स्वतःच तिथल्या फेलोशिपचा अर्ज भरला. चार महिने हॉलमधल्या टेबलाशी बसायचं, जुन्या सुईणींच्या वह्या वाचायच्या आणि त्यांवर लिहायचं. नोकरीचं हे शेवटचं वर्ष. पुढे तिला तिथं कोण विचारणार?

अर्ज गेला आणि घरातली शांतता संपली. भाजी चिरता चिरता उठायची, जिन्यात डोकावायची, पत्रपेटी उघडून परत यायची.

"अगं, बस ना जरा!" मी ओरडायचे.

"बसलेच आहे की," म्हणायची नि उठायची. माझं डोकंच उठलं होतं.

शेवटी पत्र आलं. 'आपण नमूद केलेली कागदपत्रं आमच्या संग्रहात नाहीत.'

"नाहीत? मेल्यांनो, मी गेल्याच महिन्यात धूळ झटकली त्यांवरची!"

अर्जाची प्रत बघितली आणि मी कपाळाला हात लावला. 'क्रमांक' या रकान्यात बाईसाहेबांनी लिहिलं होतं: तिसरं कपाट, खालचा कप्पा, गळक्या नळाकडून दुसरा गठ्ठा.

"मावशी, क्रमांक कुठाय?"

"कुणी टाकलाच नाही त्याला. पण सापडतो की!"

काखेत कळसा नि गावाला वळसा! अर्ज तपासणाऱ्या समितीतले चौघेही त्याच इमारतीत बसतात. एकालाही चार पायऱ्या उतरून बघावंसं वाटलं नाही. माझा नुसता संताप झाला. "जा, भांड त्यांच्याशी," मी म्हटलं.

"भांडून टेबल मिळतं होय?"

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली, ठेवणीतले कपडे घातले आणि हॉलमध्ये वाचक म्हणून जाऊन बसली. मी सोबत होते. तिनं चिठ्ठी भरली. तेच कपाट, तोच नळ.

क्लार्कनं चिठ्ठी उलटसुलट केली. "बाई, हे तुमच्याशिवाय कुणाला सापडणार? आणि तुम्ही तर आज रजेवर!"

मावशी उठली. तळघरात जाऊन गठ्ठा घेऊन आली. चिठ्ठीवर देणाऱ्याच्या जागी सही केली, मग खुर्चीत बसून घेणाऱ्याच्या जागी केली, आणि पहिली वही उघडली.

हॉल बंद व्हायची घंटा झाली तरी ती जागची हलली नाही.