रुळापलीकडून हाक मारू नये

मावशींना तुम्ही रुळाच्या अलीकडून हाक मारलीत, तर त्या ओ देत नसत. पलीकडे फलाटावर उभ्या, पायाशी मेथीची पाटी, नजर नेमकी तुमच्यावरच. पण तोंडातून शब्द नाही. मी अलीकडून ओरडून विचारायचो, "मावशी, गाडी गेली का?" त्या पदर ओठांवर धरायच्या आणि जमिनीकडे बघायच्या. मी रूळ ओलांडून शेजारी जाऊन उभा राहिलो की मग जीभ सुटायची.

"आल्याबिगर जाती व्हय ती? उबं ऱ्हावा गप."

मी मूळचा पेठेतला. तुसडेपणा आम्हाला नवा नाही, आम्ही तो घरी करतो. त्यामुळे पहिले काही दिवस मी मावशींकडे आदरानेच पाहिलं. मग एकदा न राहवून विचारलं, "अहो, पण लांबून हाक मारली तर बोलायला काय होतं?"

"रुळापल्याडनं हाक मारू न्हाई, भाऊ. ओ बी द्यू न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि पाटीतल्या जुड्यांवर पाणी शिंपडू लागल्या.

पेठेतली भाड्याची खोली सुटली आणि शहरात घर घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही हडपसरच्या पलीकडे, मिरजेच्या लायनीवरच्या एका गावात येऊन राहिलो होतो. गाव रुळाच्या अलीकडे, फलाट पलीकडे. मी पुण्यात एका कचेरीत कारकून, मावशी मंडईत पालेभाजी विकायच्या. सकाळची पॅसेंजर दोघांचीही.

तेव्हा लाईन एकेरी होती. दिवसाकाठी मोजक्याच गाड्या, त्यांना ओढणारं डिझेलचं धूड. ते यायच्या कितीतरी आधी वळणापलीकडून त्याची धडधड ऐकू यायची, मग धूर दिसायचा, मग गाडी. बायका त्या धडधडीवर चुलीवरचा चहा उतरवायच्या. आणि एकेरी लायनीवर वाढलेल्या माणसाच्या पायांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की गाडी गेली म्हणजे रूळ मोकळा. शेवटचा डबा पुढे सरकला की सगळं गाव बिनदिक्कत खाली उतरायचं. शेळ्यासुद्धा. एकट्या मावशी थांबायच्या. गेलेली गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबायच्या, दोन्हीकडे बघायच्या आणि मग पदर सावरून पलीकडे जायच्या.

"मावशी, दुसरी गाडी काय आभाळातून पडणार आहे?" डब्यातले लोक चिडवायचे.

"पडली तर तुमच्याच डोस्क्यात पडंल, मी लांब हाय," मावशी म्हणायच्या.

डब्यात त्यांच्याइतकं बोलणारं कुणी नव्हतं. दाराजवळ पाटी टेकून बसायच्या आणि दुधाच्या कॅनवाल्यांपासून कारखान्याच्या कामगारांपर्यंत एकेकाला धारेवर धरायच्या. माझा डबा उघडायला लावून भाजी बघायच्या. "ही कोथमीर मंडईतली न्हवं. बायकू फसली तुमची," असा शेरा मारून वर एक जुडी बळेच पिशवीत कोंबायच्या. अशी बाई रुळाच्या पलीकडे उभी राहिली की मुकी का होते, हे मला कळत नव्हतं.

मग गावाचं रूप पालटायला लागलं. उसाच्या जागी काचेच्या इमारती आल्या, त्यात संगणकाच्या कंपन्या आल्या, त्यांच्या बसगाड्या आल्या. विदर्भाकडची पोरं खोल्या भाड्याने घेऊन राहू लागली. मावशींच्या मुलाने जमीन विकली, बंगला बांधला, मोटार घेतली. सून हौसेने फलाटाच्या बाजूच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागली. मावशींची पाटी मात्र सुटली नाही. मुलाने त्यांना मोबाइल घेऊन दिला, तेव्हा एक गंमत झाली. तो अलीकडे मोटारीत बसलेला, मावशी पलीकडे फलाटावर. त्याने फोन लावला. मावशींनी तो कानाला लावला, मुलगा रुळाच्या अलीकडे मोटारीत दिसला आणि त्यांनी विस्तव हातात आल्यासारखा फोन बंद केला. सावकाश अलीकडे आल्या आणि चारचौघांत त्याला असं फैलावर घेतलं, की तो बिचारा पुन्हा रुळाजवळ फोन काढायला धजला नाही. आम्ही पोट धरून हसलो.

ते हसणं एका सकाळी कायमचं थांबलं. गाडी घोरपडीच्या अलीकडे सिग्नलला अडकली होती. डबा पेंगत होता. बाहेर दौंडच्या बाजूने एक गाडी धाडधाड निघून गेली आणि मावशींनी डोळे गच्च मिटून घेतले. मी विचारलं, "काय झालं?"

"माझं म्हायेर लोणी काळभोरचं," त्या म्हणाल्या. "तितं पयल्यापासनं दोन लायनी."

मग थांबून थांबून सांगितलं. परकर नेसायच्या वयातल्या त्या दोघी बहिणी. दोघी मळ्याकडे निघालेल्या. ही मोठी, पुढे पळून रूळ ओलांडून गेली. धाकटी मागे राहिली आणि मध्ये मालगाडी आली. मालगाडीचा शेवटचा डबा गेला तशी हिने पलीकडून हाक मारली, 'ये गं, गेली गाडी!' आणि धाकटी हसत हसत पळाली. दुसऱ्या रुळावर उलट्या बाजूने मेल येत होती. ती मालगाडीच्या आड होती, दोघींनाही दिसली नव्हती.

"ती आपसूक न्हवती येत, भाऊ," मावशी म्हणाल्या. "उबी हुती शानी. माझ्या हाकंनं आली."

सिग्नल पडला, गाडी हलली आणि मावशी मेथी निवडू लागल्या.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या लायनीवर दुसरा रूळ पडायला लागला. खडी आली, स्लीपर आले, वर विजेच्या तारा आल्या. गावाला आनंद झाला, मलाही झाला. मी मावशींना मोठ्या उत्साहाने समजावलं की आता समोरून येणाऱ्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबणं नाही, गाड्या वाढतील, डिझेलचा धूर जाईल, विजेचं इंजिन भराभर नेईल.

"आवाज?" त्यांनी विचारलं.

"आवाज अगदी कमी."

"आन् दोन्हीकडनं येणार?"

"एकाच वेळी दोन्हीकडून," मी म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं, आणि तेव्हा कुठे मी काय बोलत होतो ते माझ्या ध्यानात आलं.

नवी लाईन सुरू झाली आणि मावशींची झोप उडाली. पादचारी पूल झाला होता, पण तो लांब, पायऱ्यांचा. गाव कशाला वळसा घालतंय? गाव रुळातूनच जायचं. मावशी मात्र गुडघे धरत पुलावरून जायच्या. आणि सुनेची कँटीनला जायची वेळ झाली की पुलाच्या तोंडाशी उभ्या राहून तिला दंडाला धरून वर चढवायच्या. सून लाजायची, चिडायची. "आत्याबाई, लोक बघत्यात!" मावशी दंड सोडत नसत. भीती किती अंग पोखरते ते मी त्या दिवसांत पाहिलं. बोलघेवडी बाई डब्यात गप्प बसू लागली. दुसऱ्या रुळावरून गाडी गेली की बोलता बोलता वाक्य तुटायचं, ते पुन्हा जुळायचं नाही.

आणि मी? मला सगळं ठाऊक होतं. तरी माझे पाय एकेरी लायनीतच राहिले होते.

त्या सकाळी उशीर झाला होता. मी रुळाशी पोहोचलो तेव्हा अलीकडच्या रुळावरून मालगाडी चालली होती, संपता संपेना. डब्यांच्या फटींतून पलीकडे फलाटावर मावशी दिसायच्या, नाहीशा व्हायच्या, परत दिसायच्या. अखेर गार्डाचा डबा गेला. मी खडीवर पाय टाकला, अलीकडचा रूळ ओलांडला. मावशी समोरच होत्या. त्यांनी मला पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं.

आणि त्या माझ्याकडे पाठ करून चालू लागल्या.

मी जागच्या जागी उभा राहिलो. खरं सांगतो, मला राग आला. इतक्या वर्षांची ओळख, रोजचा सोबतीचा प्रवास, आणि तोंडावर पाठ फिरवून जायचं? मी काय वाकडं केलं यांचं? एवढं मनात येतंय तोच माझ्या पुढ्यातून, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून, एक गाडी गेली. ती गेलेल्या मालगाडीच्या आडून आली होती. तिचा भोंगा वाजला असणार, पण तो मालगाडीच्या धडधडीत विरला. वाऱ्याने माझी टोपी उडाली. खिडक्यांचा एक लांब पट्टा डोळ्यांपुढून ओढला गेला आणि मी दोन रुळांच्या मधल्या खडीत मटकन खाली बसलो.

गाडी गेल्यावर पलीकडे पाहिलं. मावशी तिकीटखिडकीच्या भिंतीला तोंड लावून उभ्या होत्या, दोन्ही कान हातांनी झाकून. काय झालं ते बघायची त्यांची हिंमत नव्हती.

मी मागे फिरलो आणि पुलावरून गेलो. जवळ जाऊन उभा राहिलो, तसं त्यांनी आधी माझी बाही चाचपली, मग माझ्याकडे पाहिलं.

"हाक मारली असती तर आला असता तुमी," त्या म्हणाल्या.

"हात तरी करायचा, मावशी. थांबा म्हणून."

"हात बी बोलावतो, भाऊ. पाट कुणाला बोलवत न्हाई."

त्या दिवसापासून मी रुळात उतरलो नाही. रस्ता ओलांडतानाही एक वाहन गेलं की त्याच्यामागचं दुसरं मला दिसू लागतं. बायको म्हणते, तुम्ही भित्रे झालात. झालोय. ही भीती मला मावशींनी दिली, आणि त्या भीतीवरच मी जगतोय.

पुढे रुळाच्या कडेने भिंत आली, उतरायची सोयच गेली. मावशींनी पाटी सोडली. गुडघे गेले, मग खाणं गेलं. सुनेचा निरोप आला म्हणून मी बंगल्यावर गेलो. खिडकीजवळच्या खाटेवर त्या चिमूटभर उरल्या होत्या. मी दारात आलो तसे त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं. ओठ हलले. मग मोठ्या कष्टाने, खाटेची कड धरून, त्या कुशीवर वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

सून ओशाळली. "आता वळखत न्हाईत वो कुणाला. या की आत, बसा."

मी उंबऱ्याच्या अलीकडेच उभा राहिलो. त्यांनी मला ओळखलं होतं. 'मावशी' म्हणून हाक मारायला माझाही जीव तळमळत होता. मी मारली नाही. त्यांची पाठ श्वासागणिक हळूहळू वरखाली होत होती, ती थांबेपर्यंत मी बघत राहिलो.