गिरणेत उभ्या दोन मोटारी

१९३४ च्या मे महिन्यात, वार्षिक तपासणीच्या आदल्या दुपारी, माझ्या थोरल्या भावाने आपली उतारूंची सर्व्हिस मोटार बांभोरीजवळ गिरणेच्या पात्रात उतरवली आणि चारही चाके पाण्यात राहतील अशी उभी केली.

चाकांचे आरे लाकडी होते. खानदेशातल्या उन्हाळ्यात लाकूड सुकते, आरे ढिले होतात आणि चाक हलवले की खडखडते. गाडीवान बैलगाडीची चाके नदीत भिजत घालतात, तोच हा उपाय होता. लाकूड फुगले की आरे घट्ट बसतात. बाकीची तयारी घरीच झाली होती. ब्रेक आवळले होते, भोंग्याच्या फाटलेल्या रबरी फुग्याला ठिगळ लावले होते, नंबराची पाटी रंगवली होती. चाकांना मात्र दुसरा इलाज नव्हता.

घराची वाटणी आदल्याच वर्षी झाली होती. चुलत्यांनी सगळी शेती आणि एक मोटार घेतली. भावाने शेतातला हिस्सा सोडला आणि दुसरी मोटार घेतली. एरंडोल ते जळगाव या रस्त्यावर दोघांच्याच मोटारी होत्या. मोटार पास झाली नाही तर भावाजवळ दुसरे काहीच उरणार नव्हते. मी त्याच्याकडे तिकिटे फाडत असे.

तासाभरात चुलत्यांची मोटार त्याच पाण्यात, आमच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"का रे, मोटार शे का म्हैस शे?" चुलत्यांनी काठावरून विचारले.

"मंग तुमनी काय शे आबा, रेडा?" भाऊ म्हणाला.

काठावर कपडे धुणाऱ्या बाया हसल्या. चुलत्यांनी त्यांना शिव्या दिल्या. सूर्य मावळल्यावरही दोघेही आपापल्या मोटारीजवळून हलले नाहीत. एकाने दुसऱ्याच्या चाकाला काही करू नये, एवढाच उद्देश होता.

सकाळी भाऊ आधी निघाला. जळगावच्या तपासणीच्या मैदानात एकच निंब होता. त्याने मोटार त्या सावलीत लावली. चुलते मागून आले, तेव्हा सावलीत जागा नव्हती. त्यांनी भावाला मोटार पुढे घ्यायला सांगितले.

"मोठा माणूस उन्हात उभा शे, दिखत नही का तुले?"

"तुम्ही या ना सावलीमा बसाले. मोटारले जागा नही."

"वावर गये. आते तुनी मोटार बी जाई."

भाऊ टपावर चढून बसला. हवालदाराने दोघांनाही गप्प राहायला बजावले.

तपासनीस दुपारी आला. तोपर्यंत चुलत्यांची मोटार सगळा वेळ उन्हात होती. तपासनिसाने त्यांचे पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून हलवले. खडखड मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू आली. त्याने चाकावर खडूने फुली मारली आणि आमच्याकडे वळला. दिवे पाहिले, भोंगा वाजवून पाहिला, ब्रेक दाबून पाहिला. मग चाके. पहिले चाक वाजले नाही. दुसरेही नाही. तिसऱ्याशी तो वाकला तेव्हा चुलते जवळ आले.

"साहेब, काल दुपारपासून नदीत होती ही मोटार."

तपासनिसाने हात काढला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

भाऊ म्हणाला, "त्यांची शेजारीच होती."

तपासनिसाच्या मागे उभा असलेला कारकून मोठ्याने हसला. तपासनीस हसला नाही. "मी मोटारी तपासायला आलो आहे, होड्या नाही," तो म्हणाला. दोन्ही मोटारी उद्या दुपारपर्यंत भर उन्हात उभ्या राहतील आणि त्यांच्याजवळ कोणी पाण्याची बादली आणली तर परवाना तिथेच रद्द होईल, असे त्याने हवालदाराला सांगितले.

भावाने मोटार निंबाखालून बाहेर काढली. चुलते त्याच निंबाखाली जाऊन बसले.

"आता बसा गार," भाऊ त्यांना म्हणाला. "तुमनं वावर शे. मनं काय शे?"

"तेच दखाडानं व्हतं तुले," चुलते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनिसाने आमची चारही चाके हलवली. चारही वाजली. चाके बदलल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणायची नाही, असा हुकूम दोघांनाही मिळाला. हवालदाराने दोन्ही मोटारींवरच्या एरंडोल–जळगाव पाट्या उतरवून घेतल्या.

एरंडोलला जायला आता मोटार नव्हती. बाजारातून परतणारी एक रिकामी बैलगाडी मिळाली. गाडीवानाने आम्हा तिघांनाही बसवून घेतले. चुलते पुढे बसले, भाऊ मागे पाय सोडून बसला, मी मध्ये. गाडीने गिरणा ओलांडली. बांभोरी आल्यावर चुलते भावाची सोबत नको म्हणून उतरले आणि एरंडोलच्या रस्त्याने पायी चालू लागले. गाडीवानाने बैल थांबवून त्यांना हाक मारली. भावाने त्याला गाडी हाकायला सांगितले. पाळधीच्या अलीकडे आमची गाडी त्यांच्या पुढे गेली.