काहिलीपाशी खोकायचं न्हाई

आमच्या मानसाला खोकता येत न्हवतं. हसू नका. हसनारी लई भेटली मला. समदं जग खोकला थांबायचं औषध मागतं, आन मी बाई दवाखान्यात जाऊन सांगत हुते, की ह्यांना खोकायला शिकवा. तिथली नर्स तोंडाला रुमाल लावून हसली. हस म्हनलं बाई, तुझं काय जातंय.

हे गुळवे. म्हंजे गुऱ्हाळावर रस कढवून गूळ करनारे. नाव मी घेत न्हाई, लोक बन्सी गुळव्या म्हनायचे. आमच्या देवळाली प्रवऱ्याला जिकडं बघावं तिकडं ऊस, आन कारखान्याला न जानारा ऊस कल्याणदादाच्या गुऱ्हाळावर. कल्याणदादा मालक खरा, पन काहिलीपाशी मालकाचं बी चालत न्हाई. तिथं गुळव्या म्हनंल ती पूर्व. त्या एवढ्या मोठ्या काहिलीत रस उकळाय लागला की हे त्यात रानभेंडीचा चिकटा सोडायचे. तो चिकटा रसातली घान धरतो आन वर आनतो. वर आली की तिला मळी म्हनायचं. ती झाऱ्यानं काढायची आन फेकायची. येळंवर न्हाई काढली तर फिरून रसात जिरती, आन समदं आधन, म्हंजे काहिलीतला समदा रस, काळं पडतं. खाली चुलवानात चिपाडाचा जाळ, वर वाफ, आन मधी आमच्या मानसाचं तोंड. चुलवानात चिपाड सारायला मीच हुते, म्हनून सांगते, त्या धुरात डोळा उघडत न्हाई.

आन त्या जागंचा एक कायदा. काहिलीपाशी खोकायचं न्हाई. बोलायचं तर तोंड फिरवून, थुकायचं तर पार बांधाच्या पलीकडं. बरोबर हाय, लोकांच्या तोंडात जानारी वस्तू ती. ह्यांच्या आधीचा गुळव्या एकदा कढत्या रसावर खोकला. पडलं काय नसंल, पन व्यापाऱ्यानं बघितलं. कल्याणदादाच्या वडलांनी समदं आधन वढ्यात ओतलं आन त्या म्हाताऱ्याला तिथल्या तिथं वाटंला लावलं. दुसऱ्या दिशी झारा ह्यांच्या हातात आला. तवा हे मिसरूड फुटलेलं पोरगं. त्या म्हाताऱ्याचं जाताना जे तोंड झालं हुतं, ते ह्यांच्या डोळ्याम्होरनं कधी गेलं न्हाई.

तवापासनं हे खोकले न्हाईत. यायचा की, न यायला काय झालं, एवढ्या धुरात! पन आला की गळ्याची शीर टम्म फुगायची, डोळ्यात पानी यायचं, आन घोट गिळावा तसा गिळून टाकायचे. लवंग दाढंखाली. आन मेडिकलातनं खोकला दाबायची बाटली. बंडीच्या खिशात ती बाटली कायम. आधन चढायच्या आधी एक झाकन, उतरायच्या आधी एक झाकन. बिडी न्हाई, तंबाखू न्हाई, दारूचा तर वास बी न्हाई. आन मला मेलीला त्याचा अभिमान! बाया पानी भरताना म्हनायच्या, राहीबाई, तुझा नवरा काय गुनाचा गं. मी म्हनायचे, अगं, खोकत सुदिक न्हाई.

दम लागाय लागला तो काय एकदम न्हाई. आधी ढेप उचलताना लागायचा. मग झारा मारताना. मग चपला घालताना बी थांबायला लागले. छातीत आवाज यायचा, मांजर बसल्यागत. मी म्हनायचे, अवो, दाखवून या. म्हनायचे, हंगाम उलगडू दे. हंगाम उलगडायचा आन हे बी उलगडायचे, पन दवाखान्यात काय जायचे न्हाईत. शेवटी आमची सुरेखा, लेक, केडगावला दिलीय, तिनं येऊन रडून-भेकून बापाला नगरला नेलं.

छातीच्या डॉक्टरीन आलियाबाई म्हनून हुत्या. बोलायला लई गोड, पन खोटं एक बोलल्या न्हाईत. फुकनी फुकाय लावली, फोटो काढला. मग खुर्ची पुढं सरकवून ह्यांच्याशीच बोलल्या.

"बन्सीभाऊ, कफ म्हणजे घाण नाही. घाण धरायची ती वस्तू आहे. कफात बहुतेक पाणीच असतं, आणि त्यात थोडं प्रोटीन असतं, त्याला म्युसिन म्हणतात. त्याचे लांबच लांब धागे असतात. ते पाणी पिऊन फुगतात, म्हणून कफ चिकट होतो. श्वासातून आत गेलेली धूळ, धूर, जंतू त्याला चिकटतात. श्वासनळीला आतून अगदी बारीक केस असतात, ते हा कफ हळूहळू वर ढकलत राहतात. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही."

"म्हंजे भेंडीचा चिकटा," हे म्हनाले.

"कसला चिकटा?"

मग ह्यांनी त्यांना काहील सांगितली. थांबत थांबत, दम खात. बाई ऐकत राहिल्या. म्हनाल्या, "तसंच. पण रोज धूर जायला लागला की शरीर जास्तीचं म्युसिन करतं. त्यात एक जात अशी, की ती नळीच्या भिंतीला धरून बसते. पाणी कमी पडतं, कफ घट्ट होतो. आतले केस धुरानं निकामी झालेले. मग कफ वर येणार कसा? एकच वाट उरते, खोकला."

काहिलीवरनं मळी काढावी तसा ह्यांनी हात फिरवला. मग हळूच म्हनाले, "झारा."

बाईंनी विचारलं, खोकल्याचं औषध कधीपासनं घेता? ह्यांनी खिशातनं बाटली काढली आन टेबलावर ठेवली. कधीपासनं ते मी सांगितलं. लगीन हुऊन आले त्या हंगामापासनं. आलियाबाईंनी बाटली उचलली, वाचली, आन केराच्या डब्यात टाकली. चिडल्या न्हाईत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मानसाला वाटतं अजून कायतरी हातात हाय.

"गेलेलं फुप्फुस मी परत देऊ शकत नाही," त्या म्हनाल्या. "पण कफ रोज बाहेर काढलात तर दिवस बरे जातील. आत साठून राहिला तर त्यात जंतू वाढणार. ताप आला तर एक मिनिट घरी थांबू नका, निघून या. आणि मावशी, यांना खोकू द्या."

खोकू द्या! मी काय हात धरला हुता?

मिठाच्या पान्याची वाफ घ्यायचं यंत्र दिलं, ओढायची औषधं दिली. काचंवर वाफ सोडतात तसा 'हाऽ' करून श्वास सोडायचा, मग खोकायचं, हे शिकवलं. घरी आलो आन सुरू झाला आमचा तमाशा. वाफ घ्यायचे, 'हाऽ' करायचे, कफ गळ्यापत्तुर यायचा, तिथं खरखरायचा, आन तेवढ्यात दारात कुनी आलं की गटकन खाली. कुनी न्हाई आलं तर माझ्याकडं बघायचे. "चुलीवर काय हाय?" "आमटी हाय." झालं! आमटी उतरंस्तोवर खोकायचं न्हाई. मी म्हनलं, अवो, ही काय काहील हाय का? म्हनाले, "राही, मला कळतंय गं समदं. पन छाती ऐकत न्हाई. खोकला आला की आतनं कुनीतरी तोंड दाबतंय."

मी भांडले, रडले, पाठीत गुद्दे घातले. बाईंनीच सांगितलं हुतं पाठ थोपटायला, पन मी थोपटत न्हवते, रागानं मारत हुते.

मग मला एक सुचलं. सकाळचं उठून ह्यांना पाटाच्या कडंला न्यायचं. तिथं ना घर, ना चूल, ना मानूस. नुसतं पानी आन ऊस. धरून धरून नेलं, दगडावर बसवलं, यंत्रावर घेतलेली वाफ अजून छातीत हुती. मी उसाकडं तोंड करून हुबी राहिले, माझं बी तोंड नको म्हनून. लई येळ झाला. आन मग खोकले ओ! पैल्यांदा ऐकला मी आमच्या मानसाचा खोकला. एवढा संसार झाला, पन तो आवाज मला परका. पडलं ते बघितलं तर भिजवलेल्या अळिवासारखं चिकट, लांबडं, नळीचा साचा असल्यागत. हे बघत बसले. म्हनाले, "मळी निघाली बघ."

त्या दिशी ह्यांनी अख्खी भाकर खाल्ली आन आडवं हुऊन झोपले. न्हाईतर बसूनच झोपायचे. मला मेलीला वाटलं, जमलं. मी सुरेखाला फोन करून सांगितलं, तुझा बाप खोकला गं! आन दोघी बी फोनवर रडलो.

पाटावर जानं दिवाळीपत्तुर चाललं. मग थंडी पडली, ह्यांना चालवंना. यंत्र घरात, आन घरात चूल, शेजारी, येनारं-जानारं. फिरून छातीत मांजर बसलं. एका सकाळी अंगाला हात लावला तर भाजलं. ताप. मी पिशवी भरली, सुरेखाला कळवलं, शेजारच्या टेम्पोवाल्याला हाक मारली. ह्यांना दारापत्तुर आनलं, आन तेवढ्यात कल्याणदादाची जीप दारात.

मला त्यांचा राग न्हाई म्हनले तर खोटं हुईल. पन मानूस वाईट न्हवं. हंगामाचं पैलं आधन निघालं हुतं. पैल्या आधनाचा गूळ चुलवानाम्होरं निवद दाखवला की गुळव्यानं चाखायचा, मालकानं मागनं. ही आमच्याकडची रीत. झारा दुसऱ्याच्या हातात गेला तरी कल्याणदादा तो मान ह्यांनाच द्यायला आले हुते. नव्या फडक्यात बांधलेली लहान ढेप, वर हळद-कुकू. संगं दोन-तीन शेतकरी.

"बन्सी, तू चाखल्याबिगर मी तोंडात घालनार न्हाई," दादा म्हनाले.

"दादा, ह्यांना ताप हाय, नगरला निघालोय आमी."

"माझीच जीप हाय की वैनी, मीच सोडतो. दोन मिन्टं बसू द्या त्याला."

हे बसले. ताठ. तापानं तोंड लाल झालेलं, आन डोळे त्या ढेपंवर. खडा मोडला, बोटानं दाबून बघितला, जिभंवर ठेवला. आन मला दिसलं, खोकला आला. गळ्याची शीर उठली. छातीतलं ते समदं वर आलं, आलंच हुतं वो! मी सगळ्यांदेखत वरडले, "अवो, खोका! बाजूला काढा तो गूळ, खोका!" ह्यांनी नुसता हात वर केला, थांब म्हनून. आन गिळलं. डोळ्यातनं पानी गालावर आलं. ते शेतकरी मला बघाय लागले, की हिला काय झालं.

"जरा लौकर उतरवलाय," हे म्हनाले. "चव चांगलीय."

कल्याणदादाचे डोळे भरून आले. जीपंत ह्यांना म्होरं बसवलं, आन मानाची ढेप ह्यांच्याच मांडीवर ठेवली.

मी मागं. राहुरी गेली. ह्यांचा श्वास मला मागं ऐकू येत हुता, मग कमी ऐकू यायला लागला. मी म्हनायचे खोका, हे मान हलवायचे. ओठ निळे पडाय लागले तवा मी पुढं वाकले, आन तेव्हा मला दिसलं, दोन्ही हातांनी ढेप धरलीय आन तोंड तिच्यापासनं वळवलंय. विळद घाटाच्या अलीकडं असंल. मी हात घालून ती ढेप ओढली आन खिडकीतनं भाईर फेकली.

"वैनी! पैल्या आधनाचा गूळ!" कल्याणदादा वरडले.

"आता खोका!" मी म्हनले. "आता न्हाई गूळ! खोका आता!"

ह्यांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं. खोकायचंच हुतं त्यांना. पन छातीत जोरच राहिला न्हवता. नुसती वाफ आली तोंडातनं, काचंवर सोडतात तशी. नगर आलं तवा आलियाबाईंनी नाडी धरली, आन माझ्याकडं बघितलं न्हाई.

दहाव्याला गाव जमलं. कल्याणदादा हात जोडून हुबे राहिले. आवाज फुटंना त्यांचा. म्हनाले, "असा गुळव्या फिरून हुनं न्हाई. एवढी वर्सं माझ्या काहिलीवर हुबा हुता, पन एकदा सुदिक खोकला न्हाई." समद्या गावानं माना डोलावल्या.

मी उठले. बायांनी पदर वढला तरी उठले. म्हनले, "खोकला असता तर आज जित्ता असता."

शेजारच्या रंगुबाईनं मला धरून घरात नेलं, म्हनाली, तिला झेपंना झालंय.

मागच्या आठवड्यात मी सरपन आनायला गुऱ्हाळाकडनं गेले. नवा गुळव्या संगमनेरकडचा हाय, तरना. काहिलीपाशी हुबा हुता, तोंड धुरात. मी चुलवानापाशी थांबले तर त्याच्या गळ्याची शीर टम्म फुगली, डोळ्यात पानी आलं. शर्टाच्या खिशात तीच बाटली.

"अरं बाबा, खोक की," मी म्हनले. "खोक. मी हाय हितं, कुनी काय म्हनत न्हाई तुला."

त्यानं घोट गिळला, माझ्याकडं बघून हसला, आन हात काहिलीकडं केला.