नदीकाठच्या रस्त्याने घरी

मामूंना घरी न्यायचं ठरलं त्या सकाळी त्यांच्या मुलाचा, यासीनचा फोन आला. "आपा, डॉक्टर म्हणतात, आता घरीच न्या. अब्बा अॅम्ब्युलन्सला नको म्हणतायत. तुझ्याच गाडीतून येणार म्हणे." शाळेतून अर्धी रजा टाकून मी धामणकर नाक्याजवळच्या हॉस्पिटलात पोचले, तेव्हा मामू इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर तयार बसले होते. कॉलरमध्ये मान कुठे हरवली होती कोण जाणे...

अझीझमामू माझ्या आईचे धाकटे भाऊ. भिवंडीच्या निजामपुऱ्यात त्यांचे कापड विणायचे बारा लूम होते. दिवसभर त्या खडखडाटात उभा असलेला हा माणूस संध्याकाळी घरी निघाला की वेगळाच व्हायचा. अंबाडीपासून आमच्या गावाला दोन रस्ते जातात. एक सरळ, सिमेंटचा; दुसरा तानसा नदीच्या काठाकाठाने वळणं घेत जाणारा, वीस मिनिटं जास्तीचा. आधी स्कूटरवरून, मग गाडीने, मामूंनी चाळीस वर्षं दुसराच धरला. भिवंडीत फ्लॅट घ्या म्हणून सगळ्यांनी समजावलं, तर म्हणाले, "मग रोज घरी जायचं कुठून?" लूमच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू यायचं. तरी एखाद्या वळणावर गाडी हळू करून म्हणायचे, "ऐक, पाणी बोलतंय." मला फारसं काही ऐकू येत नसे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे.

गाडी मला त्यांनीच शिकवली, याच रस्त्यावर. तलाक होऊन मी माहेरी परतले होते आणि घराबाहेर पडायला तयार नव्हते. एका रविवारी त्यांनी किल्ली हातात ठेवली. "वळणाला घाबरू नको. दिसतंय तेवढं चालव." पहिल्याच वळणावर मी गाडी करवंदाच्या जाळीत घातली. मामू उतरले, शांतपणे करवंदं तोडली, माझ्या ओंजळीत घातली आणि म्हणाले, "चल, आता रिव्हर्स पण शिकून घे." कित्येक महिन्यांनी मी त्या दिवशी हसले होते.

तर, त्या दुपारी अंबाडीला पोचलो. मामू म्हणाले, "डावीकडे."

"आपा, नको," मागून यासीन म्हणाला. "कॅन्सर हाडांत पसरलाय त्यांच्या. एकेक खड्डा जीव काढेल."

मामूंनी विनवलं नाही. फक्त डावीकडे बघत राहिले... मी गाडी वळवली. खड्डा आला की मामू दरवाजाचं हँडल घट्ट धरायचे, आणि तो गेला की पुन्हा बाहेर बघायचे. झाडाखाली ताडगोळे विकणाऱ्या सोमीबायपाशी मी थांबले; तिने मामूंना लगेच ओळखलं. "चाचा, आज तू इकडं कसा बसलास? गाडी चालवत न्हाय?"

"मालक झालोय आता. ड्रायव्हर ठेवलीय," मामू म्हणाले. एक ताडगोळा त्यांनी निवांत खाल्ला. खाली खडकांमधून बारीकशी नदी वाहत होती. ती पाहून झाल्यावर म्हणाले, "बस. चल."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

दफन करून परतल्यावर यासीन मला म्हणाला, "त्या रस्त्याने नेलं नसतंस, तर चार दिवस जास्त मिळाले असते." ते खरं होतं का? आजही खात्रीने सांगता येणार नाही. दर शुक्रवारी भिवंडीहून मी मुमानीला, मामूंच्या बायकोला, भेटायला जात राहिले, पण सरळ रस्त्याने.

गेल्या शुक्रवारी सरळ रस्ता मोरीपाशी खणून ठेवलेला होता. नदीकडून जावं लागलं. गावाआधीच्या शेवटच्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. मी दोनदा लांब हॉर्न वाजवला.

घरी पोचले तर मुमानी स्वयंपाकघरात, गॅसवर चहाचं आधण, ओट्यावर दोन कप. पदराने डोळे पुसत म्हणाली, "त्या वळणावरून यांचे दोन लांब हॉर्न आले की आधण ठेवायचं, चाळीस वर्षांची सवय. आज पण हात गेला गं."

मला हे माहीतच नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. चहा उकळत होता.

"त्या दिवशी तू आणलंस ना त्यांना," ती म्हणाली, "आत आल्या आल्या म्हणाले, आज हॉर्न न देता आलोय, तरी चहा टाक. दोन महिने चहाला तोंड लावलं नव्हतं... कपभर चहा प्याले. मग मला एकेक वळण सांगत बसले. कुठे पाणी आहे, कुठे आटलंय. झोप लागेपर्यंत सांगत होते."

यासीन दारात उभा होता. कधीपासून, कोण जाणे. तो आत आला आणि फळीवरून तिसरा कप काढून त्याने माझ्या कपाशेजारी ठेवला.