माझं डायटिंग आणि सुनेची बदनामी

माझं वजन कमी करण्याच्या नादात माझी सून बदनाम झाली. वजन मात्र कमी झालंच नाही.

साठी उलटल्यावर शहापूरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "भात निम्मा करा आणि रोज भरभर चाला." आता आमच्या सापगावात भरभर चालतं कोण? ज्याच्या घरी मयत झालीय तो, नाहीतर ज्याची एसटी सुटतेय तो!

पहिल्याच सकाळी मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून मी निघाले. मुरबाडची एसटी शेजारी येऊन थांबली. ड्रायव्हर ओळखीचा.

"मावशे, चढ! कुठं जायचां?"

"कुठं नाय रे. चालतेय."

"चालतेस ती कुठं?"

"जायचां नि परत यायचां!"

अख्खी एसटी खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती. (एका बाईने तर हळहळून 'च्च'सुद्धा केलं!)

घरी सुनेला, वंदनाला, मी बजावलं होतं, "मी मागितला तरी दुसऱ्यांदा भात वाढायचा नाय!" वंदना शब्दाची पक्की. रोज ओटीवर जेवताना मी गयावया करायची, "एक चमचा वाढ गो!" आणि आतून ती ओरडायची, "नाय म्हंजे नाय!" कुंपणापलीकडच्या शेजारणीला सगळं स्वच्छ ऐकू जायचं. आणि ही शेजारीण मुरबाडच्या बाजाराला जाणारी, त्याच एसटीने!

एक दिवस चालून परतले, तर अंगणात जीप. वंदनाचे आईवडील मुरबाडहून आलेले, वंदना दाराआड रडतेय. मी दारातूनच विचारलं, "कोण गेलं?"

विहीणबाईंनी माझे पायच धरले. "पोरीचां चुकलां, पोटात घाला. पण असां घर सोडून जाऊ नका वो!"

"घर कोण सोडतंय?"

"सगळी एसटी सांगतेय! तुमाला मागून भात मिळत नाय, म्हून तुमी रोज निघून जाता!"

मी हादरलेच. "अवो, देऊ नको म्हणून मीच सांगितलंय तिला!"

"बघा," व्याही डोळे पुसत म्हणाले, "अजून सुनेला पाठीशी घालतात! आमी पोरीला घेऊन जातो."

सोन्यासारखी सून चालली! मी आशेने नवऱ्याकडे पाहिलं.

"मला काय ठाव?" आमचे हे म्हणाले. "मला तर पोटभर मिळतो." (उभ्या संसारात हा माणूस तोंड उघडून बोलला तो असा!)

आता एकच उपाय होता. भाताचं पातेलं मागवून मी सगळ्यांदेखत जेवायला बसले. सुनेची अब्रू वाचवायची होती आणि, खोटं कशाला बोलू, चवही लागत होती. पातेल्याचा तळ दिसला तशी विहीणबाईंनी हंबरडा फोडला, "किती दिसांची उपाशी वो!"

तेव्हा मात्र वंदना तरातरा बाहेर आली. "बाबा, मी येणार नाय! न्यायचां तर यांनाच न्या आणि मागतील तेवढा भात वाढून दाखवा!"

आणि नेलं हो मला, जीपमध्ये घालून! तिथं चालायची सोय नव्हती. फाटकाकडे वळले तरी विहीणबाई धावत येऊन हात धरायच्या आणि पाटावर बसवायच्या. त्या वाढत गेल्या, मी जेवत गेले.

आठवडाही झाला नाही, तोच व्याह्यांनी स्वतः परत आणून सोडलं. मला जीपमधून उतरवायला दोघे लागले. शेजारीण कुंपणाशी हजर होतीच. तिच्यादेखत व्याह्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, तू देत नव्हतीस, तेच बरां होतां. आमचां बियाण्याचां भात तेवढां वाचलांय!"