जांभळ्या नखांची ताई

प्रयोगशाळेत तिला सगळे जांभळी ताई म्हणत. रुग्णांच्या शरीरातून काढलेले तुकडे केसाहून पातळ कापायचे, काचेवर चढवायचे आणि जांभळ्या रंगात बुडवायचे, यात तिची बावीस वर्षं गेली होती. रंग नखांत इतका मुरला होता, की नवरा रोज जेवताना विचारायचा, "हात धुतलेस, की नुसतेच ओले केलेस?"

कॅन्सर आहे की नाही, हे सांगायचं ते मोठ्या डॉक्टरांनी. ताईनं त्यात तोंड घालायचं नाही. पण हात थोडाच गप्प बसतो! रोगाचा तुकडा पात्याखाली बहुधा करकरतो, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं; तसा एखादा करकरला, की तिच्या मनात पाल चुकचुकायची आणि ती काच रंगात अर्धा मिनिट जास्त राहायची. डॉक्टरांची नजर अधू होत चालली होती, त्यांना नीट दिसावं एवढाच हेतू. हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. काचा रंगवणाऱ्या बाईला कोण विचारतो?

मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि संगणक आला. त्याला शिकवायला आलेल्या हुशार गृहस्थांना सगळे गणिती म्हणत. त्यांनी ताईच्या चौदा हजार जुन्या काचांचे फोटो आणि डॉक्टरांची निदानं संगणकाला दाखवली. ताईच्याच आणखी काही जुन्या काचांवर घेतलेल्या परीक्षेत त्यानं शंभरातल्या अठ्ठ्याण्णव काचा बरोबर ओळखल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताईनंही. मग काचा रंगवायलाही यंत्र आलं. प्रत्येक काचेला सारखाच वेळ, सारखाच रंग. ताईकडे फक्त कापणं उरलं आणि तिची नखं कित्येक वर्षांनी स्वच्छ झाली. नवे डॉक्टर संगणक बोट ठेवील तेवढ्याच काचा बघत, आणि तीन आठवडे संगणकानं जवळजवळ कशावरच बोट ठेवलं नाही. सगळे खूश होते.

अशात ताईच्या धाकट्या बहिणीच्या छातीत गाठ निघाली. तिचा तुकडा ताईनंच कापला. पातं करकरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संगणकानं निकाल दिला, निर्दोष. धाकटीला निरोपही गेला. ताईला आनंद व्हायला हवा होता, पण पात्याची ती करकर कानांतून जाईना. डबा तसाच झाकून ती उठली. उरलेल्या तुकड्याची आणखी एक चकती तिनं कापली, कपाटातली रंगाची जुनी बाटली काढली आणि सवयीनं अर्धा मिनिट जास्त मोजला. ती काच तिनं संगणकापुढे धरली.

कॅन्सर.

मग काय सुचलं कुणास ठाऊक, तिनं मोठ्या डॉक्टरांनी पूर्वी निर्दोष ठरवलेला एक तुकडा घेतला आणि तोही तसाच गडद रंगवला.

पुन्हा कॅन्सर.

"हा रोग बघतच नाही," गणितींना बोलावून ती म्हणाली. "हा माझा हात बघतोय. गडद दिसलं की आजार, फिकं दिसलं की निर्दोष. तुम्ही याला एवढंच शिकवलंत."

गणितींनी दोन्ही काचा शेजारी शेजारी धरून पाहिल्या. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कधी?" ताईचा आवाज चढला आणि लगेच फुटला. दोष कुणाचा, हे तिलाही कळत होतं आणि नव्हतंही. तीन आठवड्यांत करकरलेले किती तुकडे तिनं कापले होते आणि किती जण निर्धास्त होऊन घरी गेले होते!

नवे डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले. धाकटीची काच त्यांनी बराच वेळ पाहिली. मग निकालातला 'निर्दोष' हा शब्द त्यांनी खोडला.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, सुटले गं मी! कळलं ना तुला? आज मी सगळ्यांना जेवायला बोलावलंय, तू लवकर ये."

ताईनं फोन दुसऱ्या हातात घेतला. नखं पुन्हा जांभळी झाली होती.

"मी नाही, तूच इकडे ये," ती म्हणाली. "आत्ता ये. आणि एकटी येऊ नकोस."