दहा सेंटचं काळं तिकीट

दर शुक्रवारी सकाळी नऊ वाजता इथे आखातात, गुदैबियातल्या आमच्या बिल्डिंगखाली एक पांढरी गाडी येऊन उभी राहते. सुट्टीच्या दिवशी मालक गाडी पाठवून बोलावतो, याचा शेजाऱ्यांना हेवा वाटतो. मला मात्र तिचा हॉर्न नकोसा वाटतो. सात वर्षांत माझा एकही शुक्रवार माझा राहिलेला नाही.

चूक माझीच. मी अरबाबांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, कंपनीत अकाउंटंट आहे. नोकरीला महिना झाला असेल, कागदांवर सह्या घ्यायला रिफाला त्यांच्या घरी गेलो, तर टेबलावर जुन्या अमेरिकन पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम उघडा पडलेला. शाळेत असताना देवरुखला मला तिकिटांचं वेड होतं. तेव्हा मोठा झाल्यावर अक्कल पाजळायची संधी मी कशाला सोडतोय? म्हणालो, "हे तीन सेंटचं लाल तिकीट बनावट आहे. याचे दाते कुणीतरी कापलेत."

अमेरिकेच्या पहिल्या तिकिटांना कडेचे दाते नव्हते. पोस्टातला माणूस अख्ख्या कागदातून ती कात्रीने कापून द्यायचा. दाते नंतर आले. म्हणून काही लबाड लोक नंतरच्या तिकिटांचे दाते छाटून ती जुनी म्हणून विकतात, पण असं तिकीट अंगाने आखूड पडतं. मी पट्टी लावून दाखवलं. अरबाब फसले होते, तरी लहान मुलासारखे खूश झाले. त्यांची नजर अधू होत चालली होती आणि माझ्या रूपाने त्यांना नवे डोळे मिळाले.

तेव्हापासून मी भिंग घेऊन बसतो. चारही बाजूंनी कोरा कागद सुटलाय का, मागे कागद विरलाय का, रंग उडालाय का, एकेक बघायचं. त्या काळी कित्येक पोस्टमास्तर शिक्क्याऐवजी टाकानेच तिकिटावर रेघ मारत. ती शाई धुऊन काढून तिकीट कोरं म्हणून खपवतात. जांभळ्या दिव्याखाली धरलं की पुसलेली रेघ दिसते. मग मी किंमत अंदाजतो, अरबाब मान डोलावतात, आणि कॉफीचा दुसरा कप येतो.

कायद्याने मला कुणी अडवलेलं नाही. पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे. पण वडील गेले त्या दिवशी याच माणसाने मला तीन तासांत विमानात बसवलं होतं. त्यांच्यापुढे माझी जीभ उचलत नाही. तीन वर्षांपूर्वी धीर करून म्हणालो होतो की आता घरी परत जावं म्हणतो. ते म्हणाले, "अल्बम पूरा करो, फिर जाओ. इंशाल्ला." मी हो म्हणालो. पण अल्बम पुरा होईल कसा? दर महिन्याला अमेरिकेहून नवं पाकीट येतं.

देवरुखला बायको एकटी आहे. मुलगी लग्न होऊन गेली. गुडघ्यांमुळे बायकोला माडीवर चढवत नाही, म्हणून ती खाली ओटीवरच झोपते. दर शुक्रवारी दुपारी फोनवर एकच प्रश्न असतो, "अहो, आज बोललात का त्यांच्याशी?" आणि मी दर शुक्रवारी सांगतो, "एवढ्यात नाही गं जमणार."

अरबाबांपुढे जीभ न उचलण्याचं आणखी एक कारण होतं, ते मी तिलाही सांगितलं नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांत जुन्या कागदांच्या एका खोक्यात मला घडी घातलेलं एक पत्र सापडलं. त्यावर अमेरिकेने काढलेल्या अगदी पहिल्या दोन तिकिटांपैकी दहा सेंटचं काळं तिकीट, त्यावर लाल शिक्का. आम्ही शाळेत तिकिटं जमवायचो ती एकाच पद्धतीने. पाकिटाचा कोपरा कापायचा, वाटीभर पाण्यात टाकायचा, सुटलेलं तिकीट वर्तमानपत्रावर वाळवायचं आणि जाड पुस्तकाखाली दाबायचं. मी तेच केलं. तिकीट सुंदर सुटलं. कापलेलं पत्र कचऱ्यात गेलं. पुढे महिन्याभराने कॅटलॉग वाचताना कळलं, की अशा तिकिटाची खरी किंमत अख्ख्या पत्रासकट असते. मी आयुष्यात हातात आलेली सगळ्यात मोठी वस्तू वाटीत बुडवून मारली होती. अरबाबांनी ते खोकं पाहिलंही नव्हतं. त्यांनी माझी पाठ थोपटली. मला लाज वाटत होती आणि मी हसत होतो.

गेल्या शुक्रवारी ठरवूनच गेलो. म्हटलं, हे सांगून टाकू. चिडतील, हाकलून देतील, म्हणजे सुटलो. ते पान उघडलं आणि सगळं सांगितलं, वाटीसकट. अरबाब बराच वेळ त्या तिकिटावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "सात साल छुपाया?"

"हो, अरबाब."

"और आज खुद बोला. मेरा अपना बेटा नहीं बोलता." त्यांनी अल्बम माझ्याकडे सरकवला. "पुराना बात खलास. अब तुमको कैसे छोड़ूँ? दूसरा किस पे भरोसा करूँ?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मला जायचंय, एवढे दोन शब्द तोंडात तयार होते. ते तसेच गिळले आणि नवं पाकीट फोडायला घेतलं.

घरी येऊन बायकोला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे तिकिटाचं सांगितलंत," ती म्हणाली. "जायचंय ते नाहीच सांगितलं."

"त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना गं."

पलीकडे पंखा कुरकुरत होता. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला बरं दर शुक्रवारी 'नाही' म्हणवतं तुम्हाला."